सात लिटर विरुद्ध चार लिटर

10 जून 1967. फ्रान्समधल्या ल माँ शहराजवळ चोवीस तासांची मोटार शर्यत सुरू होती आणि रात्र चढली होती. सर्वांत पुढे अमेरिकेची फोर्ड मार्क फोर होती, स्टिअरिंगवर डॅन गर्नी. त्याच्या मागे इटलीची फेरारी पी-4 येऊन चिकटली. ती चालवणारा माइक पार्क्स काही फेऱ्यांनी मागे पडलेला असूनही हेडलाइटची उघडझाप करत गर्नीला सारखा डिवचत होता. गर्नी चिडावा, त्याने वेग वाढवावा आणि त्या भरात त्याच्या गाडीचे काहीतरी मोडावे, एवढाच त्याचा डाव. गर्नीने काही वेळ सोसले. मग आर्नाजच्या वळणापाशी त्याने गाडी सरळ रस्त्याच्या कडेला गवतावर घेतली आणि थांबवली. पार्क्सही मागे थांबला. जगातल्या सर्वांत वेगवान गाड्यांपैकी दोन गाड्या शर्यत चालू असताना काही क्षण एकामागे एक नुसत्या उभ्या होत्या. शेवटी पार्क्स कंटाळून निघून गेला. थोड्या वेळाने गर्नीने त्याला गाठले आणि मागे टाकले.

दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता शर्यत संपली, तेव्हा गर्नी आणि त्याचा जोडीदार ए. जे. फॉइट यांच्या फोर्डने 388 फेऱ्या पूर्ण केल्या होत्या. पार्क्स आणि लुडोविको स्कार्फिओत्ती यांच्या फेरारीच्या 384 झाल्या होत्या. अमेरिकी गाडी, अमेरिकी संघ आणि दोघेही चालक अमेरिकी, असा पूर्ण अमेरिकी विजय ल माँमध्ये त्याआधी झाला नव्हता आणि त्यानंतरही झालेला नाही.

‘फोर्ड व्हर्सेस फेरारी’ हा 2019 चा चित्रपट पाहिलेल्यांना या वैराची ओळख आहे. चित्रपटात ते माणसांच्या अहंकाराचे वैर म्हणून दिसते आणि तसे ते होतेही. पण या दोन गाड्या आकड्यांच्या आधारे शेजारी शेजारी ठेवल्या, तर वेगळेच काही दिसू लागते. अमेरिकी गाडी वेगात कमी पडत होती म्हणून हरत नव्हती. तिचा वेगच तिच्या अंगाशी येत होता.

ल माँची शर्यत 1923 पासून होते आहे. तिचा नियम सांगायला सोपा आहे. चोवीस तासांत जी गाडी सर्वाधिक अंतर कापेल ती पहिली. साठच्या दशकात तिथली एक फेरी 13.46 किलोमीटरची होती आणि तिचा मोठा भाग एरवी ट्रक-मोटारी धावतात त्या सार्वजनिक रस्त्यांचा होता. त्यातच म्युल्सान गावाकडे जाणारा जवळजवळ सहा किलोमीटरचा सरळ पट्टा येतो. आज त्यावर वेग रोखणारी दोन कृत्रिम वळणे आहेत, पण ती 1990 मध्ये आली. तोवर चालक या पट्ट्यावर अॅक्सिलरेटर तळाला टेकवून बसत आणि पट्टा संपताच गाडी काटकोनी वळणासाठी जवळजवळ रांगण्याच्या वेगावर आणत. दर साडेतीन मिनिटांनी एकदा, दिवसभर आणि रात्रभर हेच. इंजिनाची परीक्षा पट्ट्यावर व्हायची आणि ब्रेकची पट्ट्याच्या टोकाला.

अमेरिकेला या टोकाचा धडा फोर्डच्या आधीच मिळाला होता. ब्रिग्ज कनिंगहॅम हा श्रीमंत अमेरिकी क्रीडाप्रेमी 1950 पासून स्वतःच्या गाड्या घेऊन ल माँला येत असे. 1953 मध्ये त्याच्या सी-5आर गाडीत क्रायस्लरचे 5.4 लिटरचे व्ही-8 इंजिन होते आणि त्याची ताकद 300 अश्वशक्तीच्या वर होती. समोर ब्रिटनची जॅग्वार सी-टाइप होती. तिचे इंजिन 3.4 लिटरचे आणि ताकद सुमारे 220 अश्वशक्ती. सरळ पट्ट्यावर कनिंगहॅमची गाडी कुणालाही ऐकणारी नव्हती. पण तिला जुन्या पद्धतीचे ड्रम ब्रेक होते, तर जॅग्वारने डिस्क ब्रेक आणले होते. जॅग्वारचे चालक वळणाच्या कितीतरी जवळ जाईपर्यंत वेग सोडत नसत. निकालात जॅग्वार पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकावर आल्या आणि कनिंगहॅमची गाडी तिसऱ्यावर.

दोन्ही खंडांतल्या इंजिनांचा स्वभावच निराळा होता. अमेरिकेत पेट्रोल स्वस्त, रस्ते लांब आणि सरळ. तिथल्या अभियंत्याला ताकद वाढवायची झाली की तो सिलिंडर मोठा करी. फोर्डने ल माँसाठी घेतलेले सात लिटरचे व्ही-8 इंजिन नॅसकार या देशी शर्यतींतून आले होते. झडपा उघडण्यासाठी त्यात साध्या पुशरॉड होत्या आणि इंधन कार्ब्युरेटरमधून जाई. 1966 च्या मार्क टू गाडीत ते मिनिटाला सुमारे 6200 फेऱ्यांवर 485 अश्वशक्ती देत असे. एवढ्या मोठ्या इंजिनाच्या मानाने हा आकडा माफकच. म्हणजे त्याच्यावर ताण कमी होता आणि म्हणूनच ते तासन्‌तास विनातक्रार चालत राही.

फेरारीची वाट उलटी. 1967 च्या पी-4 गाडीचे इंजिन चार लिटरचे, बारा सिलिंडरांचे, प्रत्येक सिलिंडरला तीन झडपा आणि ल्युकासची इंधन फवारणी. 8000 फेऱ्यांवर ते 450 अश्वशक्ती देई. लिटरमागे हिशेब केला तर फोर्डची सुमारे 70 अश्वशक्ती आणि फेरारीची 110 च्या वर. निव्वळ अभियांत्रिकीची कसोटी लावली तर इथे इटलीचे पारडे स्पष्टच जड आहे. इंजिन लहान असल्याने गाडीही हलकी झाली. फेरारी पी-4 चे सांगितले जाणारे वजन 800 किलोंच्या आसपास आहे, तर फोर्ड मार्क टूचे सुमारे 1200 किलो.

वैराची ठिणगी 1963 मध्ये पडली. हेन्री फोर्ड दुसरे यांच्या कंपनीने फेरारी विकत घेण्याची बोलणी सुरू केली होती. कागदपत्रे तयार झाल्यावर शर्यतींच्या विभागावर अखेरचा अधिकार कुणाचा यावरून एंझो फेरारी अडले आणि सौदा मोडला. मग फोर्डने स्वतःची गाडी बनवायचे ठरवले. जमिनीपासून तिची उंची 40 इंच होती, म्हणून ती पुढे जीटी-40 या नावाने ओळखली जाऊ लागली.

1964 साली या गाड्या पहिल्यांदा ल माँला उतरल्या. सुरुवातीला त्यांतली एक आघाडीवर गेली आणि शर्यतीतली सर्वांत वेगवान फेरीही फोर्डमध्ये बसलेल्या फिल हिलने नोंदवली. तरी तिघींपैकी एकही शेवटपर्यंत पोहोचली नाही. एकीला आग लागली, दोघींचे गिअरबॉक्स गेले. गंमत म्हणजे ते गिअरबॉक्स कोलोत्ती या कंपनीचे होते आणि ही कंपनी होती फेरारीच्याच मुलखातल्या मोदेना शहरातली. पहिले तीनही क्रमांक फेरारीने घेतले.

त्याच शर्यतीत अमेरिकेचे एक यश मात्र झाकले गेले. कॅरोल शेल्बीच्या संघाची कोब्रा ही उघडी गाडी होती आणि तिच्यावर हवेचा अडथळा फार येई. पीटर ब्रॉक या तरुण रेखाटनकाराने त्याच इंजिनावर आणि सांगाड्यावर मागे तिरपे उतरून अचानक तुटल्यासारखे संपणारे बंद छप्पर बसवले. ही डेटोना कूपे एकूणात चौथी आली आणि जीटी वर्गात तिने फेरारीच्या नावाजलेल्या जीटीओ गाड्यांना मागे टाकले. पुढच्या वर्षी 4 जुलैला फ्रान्समध्येच, रॅन्स इथे शेल्बीने जीटी गाड्यांचे जागतिक विजेतेपद नक्की केले. इथे ताकद वाढवावी लागली नाही. हवेला वाट करून दिली आणि काम झाले.

1965 मध्ये फोर्डने सात लिटरचे इंजिन आणले. हिलने सराव फेरीत 3 मिनिटे 33 सेकंदांची वेळ देऊन सगळ्यांना चकित केले. शर्यतीत फोर्डच्या सहाही जीटी बाद झाल्या. फेरारीलाही ती रात्र सुखाची गेली नाही. कारखान्याच्या संघातल्या गाड्यांच्या ब्रेक डिस्कना तडे जाऊ लागले. अखेर जिंकली ती 3.3 लिटरची, त्या मानाने साधी आणि जुनी 250 एलएम ही फेरारी, तीही लुईजी किनेत्ती यांच्या उत्तर अमेरिकी संघाची. चालक होते अमेरिकेचा मास्टन ग्रेगरी आणि ऑस्ट्रियाचा योखेन रिंट. गाडीने 4677 किलोमीटर कापले. त्यानंतर ल माँची शर्यत पुन्हा जिंकायला फेरारीला 2023 साल उजाडावे लागले.

फोर्डचे अभियंते आता मूळ दुखण्याकडे वळले. चालत्या वस्तूची ऊर्जा वजनाच्या पटीत वाढते आणि वेगाच्या वर्गाच्या पटीत. म्हणजे वेग थोडा वाढला तरी ऊर्जा बरीच वाढते. फोर्डसारखी जड गाडी ताशी 340 किलोमीटरच्या आसपास असेल आणि हलकी फेरारी त्याहून 20-25 किलोमीटरने मागे असेल, तर फोर्डला म्युल्सानच्या वळणावर दीडपटीहून अधिक ऊर्जा ब्रेकमधून बाहेर टाकावी लागते. ही सगळी ऊर्जा उष्णता होऊन चार डिस्कमध्ये उतरते. रात्री त्या लालभडक दिसत. पुढच्या पट्ट्यावर त्यांच्यावर गार वारा आदळे आणि पुन्हा टोकाला त्या भाजून निघत. खंडाळ्याचा घाट भरल्या ट्रकने उतरणाऱ्या ड्रायव्हरला ब्रेक तापण्याची जी धास्ती असते, ती इथे दर साडेतीन मिनिटांनी होती. अशा तापण्या-निवण्यात ओतीव लोखंडालाही तडे जातात.

गाडी टिकवण्यासाठी उपाय दोन झाले. फोर्डसाठी काम करणाऱ्या शेल्बीच्या संघातल्या फिल रेमिंग्टनने ब्रेकचे पॅड आणि डिस्क पिटमध्ये मिनिटांच्या हिशेबात काढून नवे बसवता येतील अशी रचना केली. डिस्क चोवीस तास टिकत नसेल तर ती झटकन बदलावी, असा हा रोखठोक विचार. दुसरा उपाय फोर्डच्या डिअरबॉर्न इथल्या प्रयोगशाळेतला. ल माँच्या एका फेरीत इंजिनाचा वेग कधी किती असतो आणि गिअर कुठे बदलतात याची नोंद करून ती यंत्राला दिली गेली. मग इंजिन आणि गिअरबॉक्स जागच्या जागी बसवून त्यांच्याकडून ल माँची अख्खी शर्यत धावून घेण्यात आली, मोडेपर्यंत. जे मोडले ते बदलले आणि पुन्हा सुरुवात केली. युरोपातल्या छोट्या कारखान्यांना असा खर्च परवडणारा नव्हता.

1966 चे वर्ष फोर्डचे ठरले. डेटोनाची 24 तासांची आणि सेब्रिंगची 12 तासांची, अशा दोन्ही शर्यती केन माइल्स आणि लॉइड रुबी यांनी जिंकल्या. ल माँला फोर्डच्या मार्क टू गाड्या पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या आल्या. ब्रूस मॅक्लारेन आणि ख्रिस एमन यांनी 4843 किलोमीटर कापले. शेवटी दोन फोर्ड एकत्र रेषा ओलांडतील असे कंपनीने ठरवले होते. पण मॅक्लारेनची गाडी सुरुवातीला काही मीटर मागून निघाली होती, म्हणून तिचे अंतर जास्त भरले आणि माइल्स व डेनी हल्म यांना दुसरे व्हावे लागले. फेरारीच्या पी-3 गाड्यांपैकी एकही टिकली नाही. त्यांचा आघाडीचा चालक जॉन सर्टीस शर्यतीच्या तोंडावर संघाशी भांडून निघून गेला होता.

त्या वर्षीच्या निकालातल्या चौथ्यापासून सातव्यापर्यंतच्या जागा फारसे कुणी पाहत नाही. त्या चारही जागांवर दोन लिटर इंजिनाच्या पोर्शे 906 होत्या. सात लिटरच्या तीन गाड्यांमागे थेट दोन लिटरच्या चार! ताकद न वाढवता वजन कमी ठेवायचे आणि काहीही मोडू द्यायचे नाही, हा जर्मनीचा मार्ग तेव्हाच आकार घेत होता. पुढच्या काळात ल माँवर सर्वाधिक विजय पोर्शेच्याच नावावर जमा झाले.

फेरारीने उट्टे काढले ते अमेरिकेच्या घरात. फेब्रुवारी 1967 मध्ये डेटोनाला बहुतेक फोर्डच्या गिअरबॉक्समधले दांडे एकामागून एक तुटत गेले. त्यांवरची उष्णता प्रक्रिया सदोष निघाली. पहिल्या तिन्ही जागा फेरारीला मिळाल्या आणि त्या तीन गाड्या शेजारी शेजारी धावत रेषेपार झाल्या. फोर्डचे इंजिन तिथेही दमले नव्हते. त्याने निर्माण केलेला पीळ चाकांपर्यंत नेणारे पोलाद कमी पडले.

म्हणून खरी तुलना जून 1967 च्या ल माँचीच करायला हवी. दोन्ही बाजू तयारीनिशी उतरल्या होत्या. फोर्डची मार्क फोर नव्याने बांधलेली होती. तिचा सांगाडा मधमाशीच्या पोळ्यासारख्या पोकळ्या असलेल्या अॅल्युमिनियमच्या पत्र्यांचा असून ते चिकटवून जोडले होते. याच गाडीच्या आधीच्या आवृत्तीची चाचणी घेताना ऑगस्ट 1966 मध्ये रिव्हरसाइडला केन माइल्सचा मृत्यू झाला होता. त्यानंतर आत पोलादी पिंजरा बसवला गेला. ल माँच्या त्या रात्री मारिओ आंद्रेत्तीची मार्क फोर भिंतीवर आदळून चक्काचूर झाली, तरी तो चालत बाहेर आला. त्याच ठिकाणी त्याला चुकवताना आणखी दोन फोर्ड गेल्या.

गर्नी आणि फॉइट टिकले, याला कारण त्यांची गाडी हाकण्याची रीत. फॉइट दीड आठवड्यापूर्वीच इंडियानापोलिसची 500 मैलांची शर्यत जिंकून आला होता आणि ल माँ त्याने आधी पाहिलेही नव्हते. ही जोडी गाडी मोडून ठेवणार असे पुष्कळांना वाटत होते. झाले उलट. गर्नी पट्ट्याच्या शेवटी नेहमीच्या जागेच्या बराच अलीकडे अॅक्सिलरेटर सोडून देई. गाडी वाऱ्याच्या अडथळ्यानेच मंदावे आणि मगच तो ब्रेकवर पाय ठेवी. प्रत्येक फेरीत थोडा वेळ जाई, पण डिस्क वाचत. दोघांनी मिळून 5232.9 किलोमीटर कापले आणि सरासरी वेग ताशी 218 किलोमीटर राखला. ल माँला पाच हजार किलोमीटरचा टप्पा त्या वर्षी प्रथमच ओलांडला गेला. दुसऱ्या क्रमांकाच्या फेरारीशी फरक 54 किलोमीटरच्या आसपास, म्हणजे जेमतेम एक टक्का. सात लिटर आणि चार लिटरमधल्या वादाचा निकाल एवढ्या अंतराने लागला.

शर्यतीनंतर लगेच नियम बदलले. 1968 पासून प्रोटोटाइप गाड्यांना तीन लिटरची मर्यादा आली आणि सात लिटरची राक्षसी इंजिने घरी गेली. पण फोर्डची गोष्ट तिथे थांबली नाही. ठरावीक संख्येने बनवलेल्या गाड्यांना पाच लिटरपर्यंत मुभा होती. त्यातून जॉन वायरच्या ब्रिटिश संघाने गल्फच्या फिकट निळ्या रंगातली जुनी जीटी-40 उतरवली आणि 1968 व 1969 ही दोन्ही वर्षे एकाच सांगाड्याच्या गाडीने जिंकली. 1969 मध्ये तर भूमिकांची अदलाबदल झाली. वेगाचा राक्षस होती जर्मनीची नवी पोर्शे 917. ती एकविसाव्या तासापर्यंत आघाडीवर राहून मोडली. म्हातारी फोर्ड मात्र चालत राहिली आणि अखेरच्या फेरीत जॅकी इक्सने पोर्शे 908 ला सुमारे 120 मीटरने हरवले.

अमेरिका आणि युरोप अशी सरळ विभागणी करणेही कठीणच आहे. पहिली जीटी-40 इंग्लंडमध्ये स्लाव इथे घडली आणि तिच्यामागे लोला या ब्रिटिश कंपनीच्या एरिक ब्रॉडलीची कल्पना होती. 1966 चे विजेते दोघेही न्यूझीलंडचे. फेरारीचा 1965 चा विजय अमेरिकेतल्या संघाचा.

पन्नास वर्षांनी, 2016 मध्ये फोर्ड जीटी पुन्हा ल माँला आली आणि जीटी वर्गात फेरारी 488 ला मागे टाकून जिंकली. या वेळी फोर्डचे इंजिन 3.5 लिटरचे व्ही-6 होते आणि फेरारीचे 3.9 लिटरचे व्ही-8. लहान इंजिन अमेरिकेचे, मोठे इटलीचे, आणि दोन्हींना टर्बो! पात्रता फेरीनंतर आयोजकांनी दोन्ही गाड्यांवर जादा वजन लादले आणि फोर्डच्या टर्बोचा दाबही कमी केला. याला कामगिरीचा समतोल म्हणतात. वेगवेगळ्या घडणीच्या गाड्या जवळपास सारख्या धावाव्यात म्हणून वजन आणि ताकद नियमाने कमी-जास्त करण्याची ही पद्धत आहे. आजच्या सर्वोच्च वर्गातली कॅडिलॅक 5.5 लिटरच्या विनाटर्बो व्ही-8 वर धावते, तर फेरारी 499पी तीन लिटरच्या टर्बो व्ही-6 वर आणि पुढच्या चाकांना विजेच्या मोटरची जोड घेऊन. दोन्ही देशांनी आपापला स्वभाव राखला आहे, पण त्यांच्यातले अंतर आता बरेचसे नियमपुस्तकातच मिटवले जाते. 2025 मध्ये ल माँच्या पहिल्या रांगेत दोन्ही कॅडिलॅक होत्या आणि शर्यत जिंकली फेरारीने, सलग तिसऱ्या वर्षी.

इंजिनाच्या प्रत्येक लिटरमधून जास्त काम काढण्यात त्या काळी फेरारी सरस होती, यात शंका नाही. चोवीस तासांत जास्त अंतर कापण्यात 1966 आणि 1967 मध्ये फोर्ड सरस ठरली, आणि ल माँचा नियम दुसरी गोष्ट मोजतो. एकूण विजयांचा हिशेब मात्र आज फेरारी 12, फोर्ड 4 असा आहे. 2027 मध्ये सर्वोच्च वर्गात परतण्याची घोषणा फोर्डने केली आहे.